हा कागद घरात द्यावा

व्यायामशाळेत उभं आयुष्य काढलेल्या माणसाला लोक भेटतील तिथं एकच प्रश्न विचारतात. "सर, पोट कशानं कमी होईल?" मी म्हणतो, "ताटानं." ते हसतात, सरांनी चेष्टा केली असं समजतात आणि पुन्हा विचारतात, "तसं न्हाई, व्यायाम कोणता करू?"

धंद्यातली गोष्ट बाहेरच्यांना सरळ सांगून टाकतो. तासभर घाम गाळून जेवढं जळतं तेवढं दोन-तीन कचोऱ्यांत परत येतं, आणि कचोऱ्या खायला पाच मिनिटंही लागत नाहीत. उलटंही तितकंच खरं आहे. वजन उचलताना स्नायू वाढत नाही, थकतो. वाढतो तो नंतर, विश्रांतीत, आणि तेही पोटात डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे असं काही गेलं असेल तर. सरपण संपलं की माणूस शेवटी खाटेचे पाय चुलीत घालतो. तसं पोटात काही नसलं की शरीर दंडामांड्यांचं मांस जाळायला घेतं. लातूरला आमच्या तालमीत एक पैलवान होता. लग्न झालं, कुस्ती सुटली, पण खुराक काही सुटला नाही. दूध, तूप, बदाम सगळं पहिल्यासारखं चालू. दोन वर्षांत गड्याला स्वतःच्या चपला दिसेनात. व्यायाम आणि जेवण ही जोडी आहे, हे मला पुढं परीक्षेच्या पुस्तकात सापडलं, पण कळलं होतं ते त्या पैलवानाकडे बघून.

मी मूळचा औशाकडचा. लातूरच्या तालमीतून तिथल्याच एका जिममध्ये शिकवायला लागलो, मग आहाराचा एक अभ्यासक्रम केला आणि लोकांना काय खायचं ते लिहून द्यायला लागलो. माझं पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे लातूरच्या गंजगोलाई बाजारातले एक धान्याचे शेठ. रोज सकाळी पट्ट्यावर चालायचे, घामानं निथळायचे, आणि तिथून थेट जिलेबी खायला. "जळलं की सर, आता भरायला काय हरकत?" मी त्यांना तीन वेळा कागद लिहून दिला. तिन्ही वेळा तो गल्ल्याखाली गेला. शेवटी एक दिवस शेठाणीबाई स्वतः आल्या. पदर खोचून माझ्यापुढं बसल्या आणि म्हणाल्या, "ह्यांना काय सांगून उपयोग न्हाई. मला सांगा. ताट मी वाढते." पुढच्या चार महिन्यांत शेठ नऊ किलो उतरले. मला भेटले की म्हणायचे, "सर, तुम्ही माझ्याच घरात फितुरी केली."

तेव्हापासून माझी एक पद्धत पडली. आमच्याकडे बायकोला कोणी बायको म्हणत नाही. "घरात विचारून सांगतो", "घरात बरं न्हाई", "घरातून येऊ देईनात". घरात म्हणजे ती. मी छापखान्यातून पॅड छापून घेतलं. वर माझं नाव, मध्ये रेघा, आणि खाली ठळक अक्षरात एक ओळ: 'हा कागद घरात द्यावा.' पुढं नांदेडला आलो, जिम बदलल्या, फोन नंबर बदलला, पण ती ओळ बदलली नाही. त्या ओळीचा मला फार अभिमान होता. मी म्हणायचो, माझा निम्मा धंदा त्या चार शब्दांवर चालतो.

मारोतराव माझ्याकडे आले ते गेल्या वर्षी. वय अठ्ठावन्न, मूळचे हिमायतनगरचे, नांदेडच्या इतवाऱ्यात पँट-शर्ट शिवायचं एका खोलीचं दुकान. साखरेचं दुखणं जुनं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डाव्यात जास्त. डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आधी साखर आटोक्यात आणा, मग शस्त्रक्रिया. तीन महिन्यांची मुदत दिली होती. तोवर मारोतरावांचं काम असं चाललं होतं की गिऱ्हाईक माप द्यायला आलं की त्यालाच म्हणायचं, "भाऊ, तेवढा सुईत दोरा ओवा." शिंप्याचा डोळा गेला म्हणजे सगळंच गेलं. हे त्यांनी मला सांगितलं नाही, पण पहिल्या दिवशी फॉर्मवर सही करताना त्यांनी कागद नाकाला लावला तेव्हा मला समजलं.

मी त्यांचा दंड मोजला, कंबर मोजली. ते हसायला लागले.

"सर, तुम्ही टेप ओढून धरून राहिले. मापात एक बोट सोडायचं असतंय, न्हाई तर कपडा तंग होतो."

"मला कपडा शिवायचा नाही, मारोतराव. तुमचा दंड किती आहे ते बघायचंय."

"मंग बघा. पण टेप तशी धरत न्हाईत."

मी त्यांना चालायला लावलं, हात न टेकता खुर्चीवरून उठबस दिली, हलके डंबेल्स दिले. गोळ्या डॉक्टरांच्या, व्यायाम माझा, आणि जेवणाचा कागद: ज्वारीची भाकरी दीड, घट्ट वरण, पालेभाजी, मोड आलेली मटकी, ताक, मूठभर फुटाणे. वेळा ठरलेल्या. मारोतराव सहाच्या ठोक्याला हजर. एक दिवस खाडा नाही. इतका आज्ञाधारक माणूस मी पाहिला नव्हता.

दर सोमवारी मी विचारायचो, "घरात दिला का कागद?"

"दिला, सर."

"वाचला का त्यांनी?"

मारोतराव म्हणायचे, "आता वाचला का न्हाई, कसं सांगू?"

मला वाटलं, बाईंना बारीक अक्षर लागत नसेल. मी दुसरा कागद मोठ्या अक्षरात लिहून दिला. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. तेव्हा वाटलं, वाचताच येत नसेल. मग मी तिसरा कागद केला, त्यावर चित्रं काढली. दीड भाकरी, वरणाची वाटी, ताकाचा पेला. माझी चित्रकला यथातथाच. वाटी टोपीसारखी झाली. "आता तरी समजेल ना घरात?" मी म्हणालो. मारोतरावांनी कागद डोळ्यांजवळ धरला, चित्रं नीट बघितली आणि म्हणाले, "लई चांगलं काढलंय, सर." घडी करून खिशात ठेवला.

सहा आठवड्यांनी साखरेचा रिपोर्ट आला. एक तपासणी आभाळाला टेकलेली, दुसरी जमिनीला, सरासरी होती तिथंच. दंड अर्धा इंच बारीक झाला होता. व्यायाम करणाऱ्याचा दंड बारीक होतो म्हणजे खाटेचे पाय चुलीत जायला लागले. मला मारोतरावांचा नाही, त्यांच्या बायकोचा राग आला. तीन-तीन कागद दिले, नवऱ्याचा डोळा चाललाय, आणि ह्या बाईला दीड भाकरी वेळेवर देता येत नाही? मनातल्या मनात मी त्या बाईंशी भांडायलाही लागलो होतो.

पुढच्याच सोमवारी सकाळी मारोतराव खुर्चीवरून उठबस करत होते. आठव्या वेळी उठले आणि तसेच उभे राहिले. हात थरथरत होते, सदरा पाण्यातून काढल्यासारखा भिजला होता. "सर, अंधारी येऊन राहिली," एवढं बोलले आणि बसले ते खुर्चीवर न बसता खाली फरशीवर.

साखर उतरवायची गोळी घ्यायची, पोटात काही घालायचं नाही आणि वर व्यायाम करायचा, म्हणजे साखर एकदम कोसळते. माणूस दगावूही शकतो. मी साखरेचं पाणी केलं, घोट घोट पाजलं, पाय चोळले. दहा मिनिटांनी त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

"रात्री काय जेवला होता?"

"चहा-टोस्ट."

"आणि सकाळी?"

"गोळी."

मी घाबरलो होतो आणि माझी भीती रागासारखी बाहेर पडली. दहा-बारा माणसं भोवती उभी होती, त्यांच्यादेखत मी ओरडलो, "तीन कागद दिले मी, तीन! घरात एवढं सांगता येत नाही तुम्हाला? द्या बाईंचा नंबर, मीच बोलतो त्यांच्याशी."

मारोतराव फरशीवरून माझ्याकडे बघत राहिले. त्यांना माझा चेहरा नीट दिसत नसावा.

"घरात फोटो हाय, सर," ते म्हणाले. "दोन वर्षं झाले. तुम्ही म्हणले घरात द्या, म्हणून फोटोपुढं ठेवले. तिन्ही बी तिथंच हायत. दुसऱ्या कोणाला देऊ?"

त्यात टोमणा नव्हता. खरोखरच विचारत होते. भोवतीची माणसं एकेक करून आपापल्या वजनांकडे गेली आणि मी हातात रिकामा पेला घेऊन तिथंच बसून राहिलो. ते माझ्याशी एकदाही खोटं बोलले नव्हते. दिला का, तर दिला. वाचला का, तर कसं सांगू. सगळं खरं होतं. माझा प्रश्नच चुकीचा होता.

मग हळूहळू बाकीचं कळलं. एकुलती एक लेक किनवटला दिलेली. आठवड्यातून तीन-चार वेळा मारोतराव गुरुद्वाऱ्यात लंगरला जेवायला जात. "भुकेसाठी न्हाई, सर. तिथं पंगत असते. शेजारच्याच्या मांडीला मांडी लागते. घरी एकट्याला घास उतरत न्हाई." तिथं डाळ-रोटी साधी, चांगली, पण खीर आली की मारोतरावांचा हात मागं जात नसे. वाढणारा प्रेमानं वाढून राहिला, प्रसादाला न्हाई कसं म्हणायचं? आणि बाकीच्या दिवशी चहा-टोस्ट. म्हणून एक रिपोर्ट आभाळाला आणि एक जमिनीला.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. दुकानामागंच दोन खोल्या. भिंतीवर बाईंचा फोटो, त्याखाली फळी, फळीवर माझे तीन कागद, वारा लागून उडू नयेत म्हणून वर पितळी अडकित्ता. सगळ्यात वर टोपीसारखी वाटी. प्रत्येक कागदाच्या तळाशी माझी ती ठळक ओळ. माझी मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

स्वयंपाकघर लख्ख होतं. डबे ओळीनं लावलेले, धूळ पुसलेली, आणि वापर काही नाही. मी येताना गिरणीतून ज्वारीचं पीठ आणलं होतं, ते ओट्यावर ठेवलं आणि म्हणालो, "चला, भाकरी करू."

"तुम्हाला येते, सर?"

आता सांगायलाच हवं. मला येत नव्हती. एका भाकरीत किती बळ असतं, ती किती वेळात पचते, सगळं मला तोंडपाठ. पण एकसष्ट वर्षांत मी एकदाही परातीला हात लावला नव्हता. लहानपणी आई, मग सुमन, माझी बायको. आणि सुमन तेव्हा दीड वर्षापासून पुण्याला होती. मुलगा-सून दोघं नोकरीला, नातू लहान. "सहा महिन्यांत येते," म्हणून गेली होती. मी सकाळी गाड्यावर उभ्यानं पोहे खायचो, दुपारी खानावळ, संध्याकाळी दोन केळी आणि मुरमुरे. तरोडा नाक्याच्या माझ्या घरात गॅस फक्त चहाला पेटायचा. जगाला ताट वाढायला सांगणारा माणूस असा राहत होता. हे मी मारोतरावांना सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं.

"ठाऊक हाय मला," ते म्हणाले. "डोळ्यानं कमी दिसतं, पण कमरेच्या चुण्या कळत्यात. मी आल्यापासून तुमची पँट दोन बोटं सैल झाली."

"मग बोलला का नाहीत?"

"सगळ्या गावाचं खाणं तुम्ही लिहून राहिले. तुम्हाला कसं इचारायचं?"

पीठ भिजवलं तर चिखल झाला, थापलं तर तुकडे झाले. शेवटी मी सुमनला फोन लावला आणि तो डब्याला टेकवून ठेवला. तिला आधी हसू आवरेना. "अहो, उकळतं पाणी लागतंय, गार न्हाई. उकळतं घाला, मग मळा." मी मळायला लागलो. ती सांगत होती आणि मध्येच थांबली.

"पण तुम्ही कशाला पीठ मळून राहिलाव? खानावळीच्या बाई दोन्ही टाइम डबा धाडतात म्हणला होताव."

मी पीठ मळत राहिलो. मारोतराव परातीकडे बघत राहिले.

"म्हणजे दीड वर्ष मला खोटंच सांगितलाव?"

"तुला तिकडं काळजी नको म्हणून."

 ती कोरड्या आवाजात म्हणाली, "परातीत पीठ भुरभुरवा. हात फिरवत थापा. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात लावा." एवढं सांगून तिनं फोन ठेवला. रागावली तरी भाकरी अर्धवट ठेवली नाही.

मारोतरावांचा हात माझ्यापेक्षा लवकर बसला. कापडाची सवय असलेली बोटं, कुठं ताण पडला की फाटेल हे त्यांना कळायचं. ती पहिली भाकरी जाड होती, एका अंगानं करपलेली, वरण पाण्यासारखं. आम्ही खाली बसून जेवलो. मांडीला मांडी लागत नव्हती, पण समोर माणूस होतं.

पुढं आठवड्यातून चार संध्याकाळी हे चाललं. गोळी कधी आणि खाणं कधी हे डॉक्टरांना विचारून ठरवलं. सकाळी व्यायामाआधी मटकी पोटात गेल्याशिवाय मी त्यांना खुर्चीला हात लावू देत नसे. लंगरला जायचं मी बंद केलं नाही. फक्त खीर वाढायला आली की वाटीवर हात ठेवायचा आणि हात जोडायचे, एवढं शिकवलं. ते शिकायला त्यांना भाकरीपेक्षा जास्त दिवस लागले. दंड हळूहळू भरला. साखर उतरायला मुदतीच्या वर आणखी दोन महिने लागले. तोवर डावा डोळा आणखी पिकला. ते पहिले सहा आठवडे माझ्या हातून वाया गेले, ही टोचणी अजून जात नाही.

उरलेली पॅडं मी रद्दीत घातली. आता मी कागद लिहायच्या आधी विचारतो, "तुमच्याकडे गॅस कोण पेटवतं?" साधा प्रश्न आहे, पण किती माणसं खाली बघतात! बदलीवर आलेले कारकून, मुलं परदेशी गेलेले मास्तर, खोली करून राहणाऱ्या नर्सबाई. कोणी म्हणतं, मीच. बरेच जण म्हणतात, कोणी नाही. हे सगळे इतकी वर्षं माझ्यासमोरून कागद घेऊन गेले असणार. त्यांनी ते कोणापुढं ठेवले असतील, मला माहीत नाही.

डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली तेव्हा लेकीचे दिवस भरले होते, तिला येणं शक्य नव्हतं. मी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली. बोटं किती, विचारलं. मारोतरावांनी बरोबर सांगितली. भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं, तेही वाचलं. डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे गेले. मारोतरावांनी खिडकीकडे पाहिलं, स्वतःच्या हाताची बोटं पाहिली, आणि मग माझ्याकडे वळले. इतके महिने रोज भेटत होतो, पण मला त्यांनी नीट पाहिलं ते तेव्हाच. मी हसत उभा होतो. ते हसले नाहीत.

"सर," ते म्हणाले, "मला वाटायचं तुम्ही हसून राहता."

"हसतोच आहे की."

"न्हाई. तोंडच तेवढं हसतंय." त्यांनी माझं मनगट धरलं. "तुमच्या बाईंला सांगा, सर. माझं सांगायचं ऱ्हाऊन गेलं. तुमचं ऱ्हाऊ देऊ नका."

मी बाहेर व्हरांड्यात आलो आणि सुमनला फोन लावला. चौतीस वर्षांच्या संसारात तिला मी हजारदा सांगितलं असेल की मीठ कमी आहे, वरण पातळ आहे, चहा गार झाला. त्या दिवशी म्हणालो, "सुमन, मला तुझ्यावाचून करमत नाही."

 पलीकडं नातू रडत होता, त्याला थोपटल्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "मला बी न्हाई. पण लेकराला कोणाच्या हवाली करू?"

 तो प्रश्न अजून तसाच आहे. त्या दिवशी मी फोन कानाला लावून नातवाचं रडणं ऐकत राहिलो. मग तिनं नाक ओढलं आणि विचारलं, "त्यांच्या डोळ्याचं कसं झालं?"

"चांगलं झालं," मी म्हणालो. "त्यांना सगळं दिसतंय."